वॉकमनमधला अभंग

आमचं मद्रासमधलं पहिलं वर्ष मला आठवतं ते पायांतून. मला बसवतच नसे. वेस्ट मांबलममधल्या त्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मी स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून जिन्यात, जिन्यातून गच्चीवर आणि गच्चीवरून पुन्हा खाली अशी दिवसभर फिरत असायची, आणि आई म्हणायची, अगं, एका जागी टेक जरा, डोकं गरगरतं माझं. मी टेकत नसे. नाशिकला माझ्या मैत्रिणींचा एवढा मोठा घोळका होता, सायकली होत्या, भांडणं होती, आणि इथे अकरावीच्या वर्गात मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसून समोरच्या वेण्या मोजायची. तमिळ येत नव्हतं, इंग्रजी अडखळत यायचं, आणि ज्या हिंदीच्या जोरावर बाबांनी ‘काही अडणार नाही’ असं छातीठोकपणे सांगितलं होतं, ती हिंदी इथे कुणाला नको होती. हजेरी घेताना बाई माझ्या नावापाशी थांबायच्या, चष्म्यातून बघायच्या आणि नुसतं ‘न्यू गर्ल’ म्हणायच्या. चार महिन्यांनंतरही मी न्यूच होते. शेजारचे लोक मला ‘मराठी पोण्णु’ म्हणत, म्हणजे मराठी मुलगी. माझं नाव त्या शहरात फक्त रेशनकार्डावर होतं.

बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते. उजाडायच्या आत डबा घेऊन मांबलम स्टेशन गाठायचे आणि संध्याकाळी परत येऊन पेपर उघडायचे. ते मुळातच कमी बोलणारे, त्यामुळे त्यांना कोणत्याही गावात काही फरक पडला नसता. पडला तो आईला. नाशिकच्या वाड्यात सकाळी दूधवाल्यापासून रात्री दिवे मालवेपर्यंत जिचं तोंड बंद नसायचं ती माझी आई इथे भाजीवालीशी बोटांनी बोलायची. ज्वारीचं पीठ मिळत नव्हतं, जाड पोहे मिळत नव्हते, आणि दाण्याच्या कूटाला तर इथे कुणी विचारतच नव्हतं. सगळ्या इमारतीतून सांबाराचा आणि कढीपत्त्याच्या फोडणीचा वास येई, एकामागून एक कुकर शिट्ट्या देत, खाली फुलवाली मोगऱ्याचे गजरे हातानं मोजत ओरडत जाई, आणि या सगळ्या गजबजाटात आम्ही दोघी मुकाट्यानं वरणभात जेवायचो. आम्ही एकमेकींशीही बोलत नव्हतो, हे मला आता लिहिताना कळतंय. दोघीही एकाच दुखण्यानं आजारी होतो, पण तिला वाटे मी तिरसट झालेय, आणि मला वाटे ती. दोघींचंही बरोबर होतं म्हणा.

मग आईला भजन सापडलं. आमचे घरमालक कृष्णाजीराव, आम्ही त्यांना रावकाका म्हणत असू, तळमजल्यावर राहायचे. निवृत्त शिक्षक, विधुर, मूळचे तंजावरकडचे मराठी. तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या लोकांचं ते मराठी ऐकताना मला आजोबांच्या ट्रंकेतलं एखादं जुनं पत्र कुणी मोठ्यानं वाचतंय असं वाटायचं, आणि त्यातच मधे मधे ‘आमा आमा’ असा तमिळ होकार. दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये तीसेक तमिळ बायका जमून अभंग म्हणायच्या. हो, मराठी अभंग. त्या प्रांतात भजनात अभंग म्हणायची जुनी रीत आहे. अर्थ कळो न कळो, अभंगाशिवाय भजन पुरं होत नाही. रावकाका झांजा वाजवायचे. एकदा जिन्यातून उतरताना आईनं त्या बायकांचे उच्चार ऐकले आणि तिला राहवेना. ती आत शिरली आणि ‘ळ’ कसा म्हणायचा ते तिनं त्यांना दाखवून दिलं. खरं तर ‘ळ’ त्यांना आमच्याहून चांगला येत होता, अडचण होती ती ‘ख’ आणि ‘घ’ची, पण तेवढ्यानं ओळख झाली. नाशिकला आई देवळात चैत्रातल्या हळदीकुंकवापलीकडे गेली नव्हती. इथे महिन्याभरात ती ‘मराठी मामी’ झाली; तिकडे वयानं मोठ्या बाईला मामीच म्हणतात. बायका तिला अर्थ विचारायला वर येऊ लागल्या, स्टीलच्या वाटीतून काही ना काही घेऊन येऊ लागल्या, आणि आमच्या स्वयंपाकघरात पुन्हा बोलण्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

त्यात मला एक काम लागलं. आई आठवतील तसे अभंग सांगायची, मी ते एका शंभरपानी वहीत देवनागरीत उतरवायची, आणि दर बुधवारी रावकाका वही नेऊन ते तमिळ लिपीत करायचे, म्हणजे बायकांना वाचता यावं. तमिळमध्ये क, ख, ग, घ या सगळ्यांना एकच अक्षर, म्हणून ते त्या अक्षराच्या डोक्यावर बारीक आकडे घालायचे: दोन म्हणजे ख, तीन म्हणजे ग, चार म्हणजे घ. मग कोपऱ्यावरच्या दुकानात त्याच्या झेरॉक्स निघायच्या. मला हे काम मनापासून कंटाळवाणं वाटे. पण अभंगाची ती सहा-सहा-सहा-चार अक्षरांची चाल लिहून लिहून माझ्या बोटांत बसली, आणि पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

माझी गोष्ट दुसऱ्या बाजूनं चालली होती. माझ्या बाकावर शीबा नावाची मुलगी बसे. ती मद्रासजवळच्या किनाऱ्यावरच्या कोवलमची, कोळ्यांच्या घरातली, रोज तासभर बसमधून यायची आणि तिच्या दप्तराला खाऱ्या वाऱ्याचा वास असे. तीही फार बोलत नसे. एका रविवारी तिनं मला घरी नेलं. चर्चच्या मागे पत्र्याची एक शेड होती, बाहेर वाळूत मासळी सुकत पडलेली, आणि आत सुट्टीवर आलेला तिचा दादा आणि त्याचे मित्र इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम घेऊन असे काही तुटून पडले होते की पत्रा थरथरत होता. देवाचं गाणं असं रागावून, घाम गाळत, पाय आपटत म्हणतात हे मला माहीतच नव्हतं. मी दारात उभी होते आणि माझे पाय, जे कुठेच ठरत नव्हते, ते त्या ठेक्यावर ठरले. एवढंच झालं. पण घरी येताना बसमध्ये मी पहिल्यांदा शांत बसले होते.

शीबाचा दादा परदेशी जाणाऱ्या बोटीवर नोकरीला होता, तिकडून तो कॅसेट आणायचा. त्यातली एक तिनं मला दिली आणि म्हणाली, तू बोलत नाहीस ना, मग हा तुझ्या वतीनं ओरडेल. सहामाहीनंतर शीबा तिच्या मावशीकडे तुतिकोरिनला शिकायला गेली. पुन्हा भेटली नाही. राहिली ती कॅसेट. ती एका अमेरिकन ख्रिस्ती रॉक बँडची होती. गाणाऱ्याचा आवाज घसा बसल्यासारखा, आणि मागे गिटार अशी, की कुकरची शिट्टी आता होईल, मग होईल, आणि होतच नाही. मामानं दिलेला वॉकमन घेऊन मी गच्चीवर जायची आणि वाळत घातलेल्या साड्यांच्या मधून येरझारा घालत ऐकायची. सेल उतरले की तो माणूस झोपेत बोलल्यासारखा रेंगाळायचा. मग मी सेल उन्हात ठेवायची आणि ते तापेपर्यंत तळमळत बसायची. आईला मी सांगितलं होतं की इंग्रजी सुधारायची कॅसेट आहे. अगदीच खोटं नव्हतं ते.

आज माझ्या भाचीच्या फोनमध्ये जगातली सगळी गाणी आहेत. परवा तिनं तो बँड शोधून दाखवला. टक्कल पडलेले, पोट सुटलेले चार म्हातारे. मी म्हटलं, बंद कर बाई. मला तो एकटाच हवा होता, साड्यांच्या मधला. लोक विचारतात, तू त्या धर्माकडे ओढली गेली होतीस का? नाही. पण तो माणूस ज्याला कुणाला हाका मारत होता त्याला सोडत नव्हता, रुसत होता, भांडत होता, आणि तरी दारात उभा होता. पंधरा-सोळा वर्षांच्या, कुणाशीही न बोलणाऱ्या मुलीला एवढं पुरतं. माझ्यासारखंच आणखी कुणीतरी बाहेर उभं आहे, हे कळून मला फार बरं वाटलं.

त्यातलं एक गाणं मला धड कळत नव्हतं. मी कॅसेट मागे-पुढे करून एकेक ओळ पकडली. एक जण घर सोडून गेलाय, मोठ्या रस्त्यानं रात्रंदिवस गाडी हाकत परत येतोय, आणि त्याला भीती आहे की तोवर दार बंद होईल. अर्थ नीट लागावा म्हणून मी तो मराठीत लिहायला घेतला, आणि हाताला सवय तीच असल्यामुळे तो अभंगातच उतरला:

उशिरा येईन धुळीने माखून
दार तू लावून नको घेऊ
नाव माझे कोणा ठाऊक या गावी
हाक तू मारावी एकवेळ

अशी आणखी दोन कडवी. दुसरी वही जवळ नव्हती म्हणून त्याच शंभरपानी वहीत, मागच्या बाजूला नव्हे, सरळ पुढच्या कोऱ्या पानावर. मी इतकी धांदरट होते की लिहून झाल्यावर ते पान फाडायचंही विसरले.

पुढच्या शनिवारी मी प्रसादाच्या सुंडलासाठी खाली उतरत होते. ओलं खोबरं घातलेले उकडलेले हरभरे, ते मी कधी चुकवत नसे. जिन्याच्या मधल्या पायरीवर मला माझ्याच ओळी ऐकू आल्या. तीस बायका, झांजा, आणि ‘उसिरा येईन’. रावकाकांनी वहीतलं ते पानही इमानेइतबारे तमिळ लिपीत केलं होतं, डोक्यावर आकडे घालून, आणि त्याला छान संथ चाल लावली होती. खरं सांगते, पहिल्यांदा भीती वाटली नाही, आनंद झाला, इतका की मी तिथेच मटकन बसले. मग गाणं संपलं आणि रावकाकांचा आवाज आला. यात शेवटीं कर्त्याचें नांव नाहीं, बाई, हें कोणाचें? सगळ्या बायकांनी आईकडे बघितलं. आईनं हातातला कागद बघितला. तिला तमिळ वाचता येत नव्हतं, आणि ऐकलेलं तर ओळखीचं नव्हतंच. पण ती मराठी मामी होती, आणि तिनं तोंड वर करून सांगितलं, आमच्या आजोळी म्हणायचे. फार जुनं आहे.

तेवढ्यावर राहिलं असतं तर ठीक होतं. पण रावकाकांनी कुंभकोणमच्या एका वयोवृद्ध भागवतरांना, म्हणजे त्या भजनपरंपरेतल्या मोठ्या गायकांना, पत्र लिहून कळवलं की एक दुर्मीळ जुना अभंग हाती आलाय. भागवतरांचं कार्ड आलं: पंधरा दिवसांनी येतो, ऐकतो, त्या मराठी मामींकडून त्याचा इतिहास लिहून घेतो आणि माझ्या संग्रहात घालतो. आईनं ते कार्ड फ्रेम करायचंच बाकी ठेवलं. नवी साडी काढली, आजोळच्या गावाबद्दल काय काय सांगायचं याची उजळणी सुरू केली. मला अन्न जाईना. तीन दिवस मी गच्चीच्या पायऱ्या झिजवल्या आणि चौथ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं सांगून टाकलं. वही, कॅसेट, शीबा, कोवलमची शेड, सगळं.

आई रवा भाजत होती. तिनं गॅस बंद केला नाही, हात थांबवला नाही, आणि रवा करपला. मग म्हणाली, ‘चर्चमधलं गाणं?’

मी म्हटलं, चर्चमधलंच असं नाही, रॉक आहे ते.

‘कुणाला सांगितलंयस?’

‘कुणाला सांगणार? मला कोण आहे इथे?’

हे मी रागानं म्हटलं होतं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मलाच कसंतरी झालं. ती खाली बसली. म्हणाली, ‘मग गप्प बस. मला या गावात चार बायका बोलायला मिळाल्यात गं. त्यांच्यासमोर मी खोटारडी ठरले तर कोणत्या तोंडानं जिना उतरू?’ आणि करपलेला रवा तिनं तसाच डब्यात भरला.

मी गप्प बसायला हवं होतं. मला ते जमलं नाही. गप्प बसून बसून तर मी या थराला आले होते. मी वॉकमन घेऊन सरळ खाली गेले. रावकाका व्हरांड्यात कॉफी पीत होते. मी इअरफोन थेट त्यांच्या कानात घातले आणि बटण दाबलं. म्हातारा दचकला, कॉफी सांडली, पण त्यांनी इअरफोन काढले नाहीत. गाणं संपेपर्यंत डोळे मिटून बसले. मी बघत होते, त्यांचा उजवा हात हळूच मांडीवर पडू लागला: एक टाळी, तीन बोटं, मग दोनदा टाळी आणि उलटा हात. कर्नाटक संगीतातला आठ मात्रांचा आदि ताल. तो अमेरिकन बोंबलत होता आणि तंजावरचे राव त्याला ताल देत होते.

मी सगळं सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, आईंस ठाऊक आहे काय? मी हो म्हटलं. ते म्हणाले, ‘तर मग सांगायचें कीं नाहीं तें त्यांचें काम. मी बोलणार नाहीं. तुझें काम वेगळें आहे. नांवावांचून अभंग पुरा होत नाहीं, बाळे. शेवटलें कडवें लिही आणि तुझें नांव घाल.’

मी म्हटलं, काका, मी काय संत आहे?

‘हाक पाहिजे म्हणतेस ना?’ ते म्हणाले. ‘नांव सांगितल्यावांचून कोण हाक मारील?’

मी आठ-नऊ दिवस खोडून खोडून ते कडवं एका कागदावर लिहिलं, त्यांच्या दाराच्या फटीतून आत सरकवलं आणि पळून आले. आईला यातलं काही सांगितलं नाही. भागवतर यायला दोन दिवस होते आणि त्या दोन दिवसांत आम्ही दोघी एकमेकींना मीठ द्यायघ्यायलाही बोललो नाही.

भागवतर आले. ठेंगणे, कपाळभर गंध, आणि आवाज असा की हॉलच्या खिडक्या भरून गेल्या. मी दाराशी चपलांच्या ढिगाजवळ उभी होते, लागलं तर पटकन पळता यावं म्हणून. बायकांनी माझी ती कडवी म्हटली. भागवतरांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि आईला तमिळमध्ये विचारलं, सांगा मामी, कुठलं, कुणाचं.

आई उभी राहिली. नव्या साडीच्या पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं होतं, इतकं घट्ट की बोट पांढरं पडलं होतं. तिचं तमिळ म्हणजे भाजीवालीचं तमिळ. कांदे-टोमॅटोच्या पलीकडे ते गेलं नव्हतं. त्यातच तिनं सांगायला सुरुवात केली. जुनं नाही. आजोळचं नाही. मी खोटं बोलले. मग शब्द संपले तशी ती रावकाकांकडे वळून मराठीत बोलू लागली आणि रावकाका तमिळ करून सांगू लागले. इंग्रजी गाणं आहे, येशूचं आहे, माझी मुलगी ते ऐकते. तिला इथे कुणी नाही, म्हणून ऐकते. मला भजन मिळालं, तिला ते मिळालं. तिनं ते मराठीत लिहिलं आणि मला माहीत नव्हतं. माझ्या घरात राहते आणि मला माहीत नव्हतं.

मग तिनं दाराकडे बोट केलं आणि सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. ‘निशिगंधा,’ आई म्हणाली. ‘तिचं नाव निशिगंधा आहे.’

दोन बायका उठून गेल्या, हेही सांगायला हवं; त्या पुन्हा आमच्याकडे कधी आल्या नाहीत. भागवतरांनी पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका मामीनं माझ्याकडे वळून नाव उच्चारून बघितलं, निसिगंदा, आणि तिच्या शेजारणीनं, आणि तिच्या मागचीनं. रावकाकांनी कुडत्याच्या खिशातून माझा कागद काढला आणि झांजा उचलल्या. मी पळाले. तीन जिने चढून गच्चीवर गेले, कठड्याला धरून धापा टाकत उभी राहिले, आणि खालून आवाज येऊ लागला. भजनात एक ओळ दहा-दहा वेळा घोळवतात. आधी एक म्हणतो, मागून सगळे. आधी रावकाकांचा म्हातारा, चिरका आवाज, मग बायकांचा. त्यानंतर मला नीट ओळखू आलेला तो मोठा आवाज भागवतरांचा होता.

निशिगंधा म्हणे उभी मी दाराशी
हाक ओठापाशी अडलेली

संध्याकाळ होती, मांबलम स्टेशनात गाडी येत होती, आणि एवढे लोक मला नावानं हाका मारत होते. मी ढसाढसा रडले. इतके महिने रडायचं राहूनच गेलं होतं.

बऱ्याच वेळानं आई वर आली. हातात पानाच्या द्रोणात सुंडल. माझ्या शेजारी, वाळलेल्या साड्यांच्या खाली ती बसली, आणि मीही बसले. आम्ही हरभरे खाल्ले. मग तिनं हात पदराला पुसला आणि पुढे केला. ‘आण इकडे, मला ऐकव तो कोण आहे तो.’

मी तिच्या कानात इअरफोन नीट बसवले आणि कॅसेट लावली. ड्रम सुरू झाले तशी तिनं डोळे घट्ट मिटले आणि तोंड वाकडं केलं. किती ओरडतोय गं मेला, असं ती मोठ्यानं म्हणाली. कान बंद असले की माणसं मोठ्यानंच बोलतात. पण तिनं इअरफोन काढले नाहीत. शेवटपर्यंत ऐकलं.

‘शेवटी त्याला कुणी दार उघडलं का?’ तिनं विचारलं.

मी म्हटलं, माहीत नाही, गाणं तिथेच संपतं.

आईनं इअरफोन कानात नीट दाबले. ‘मग परत लाव,’ ती म्हणाली.